विहिरीवरचा खंड्या

तीस वर्षं मी फळ्यावर बाण काढले. गवताकडून नाकतोड्याकडे, नाकतोड्याकडून बेडकाकडे, बेडकाकडून सापाकडे आणि सापाकडून घारीकडे. डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवायचे. बाणाचं टोक खाणाऱ्याकडे, हे मुलांकडून घोटून घ्यायचे आणि कुणी उलटा बाण काढला की मार्क कापायचे, दयामाया नाही. निवृत्त झाले तेव्हा मला वाटायचं, कोण कुणाला खातं या विषयातलं मला सगळं कळतं. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला नंतर कळलं. ते आमच्या सोसायटीच्या विहिरीने शिकवलं, आणि तेही माझ्या नवऱ्याने घालून ठेवलेल्या घोळामुळे.

आमची बिल्डिंग कोपरला, खाडीच्या बाजूला. तीन मजली, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्यावर. बिल्डिंग उठण्याआधी इथे शेत होतं आणि शेतात विहीर होती. शेत गेलं, विहीर तेवढी राहिली. सुरुवातीच्या वर्षांत नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेव्हा अख्खी बिल्डिंग या विहिरीवर जगली. आमचे हे ऑफिसला जायच्या आधी कळश्या भरून तीन जिने चढायचे, आमच्याही आणि शेजारच्या बाळंतिणीच्याही. आता विहिरीचं पाणी फ्लशला आणि झाडांना जातं. कंबरेएवढा कठडा, वर मोठ्या चौकोनांची लोखंडी जाळी, आणि आडव्या खांबाला एक गंजलेली कप्पी, जी हे कुणालाही काढू देत नाहीत.

गेल्या वर्षी ह्यांची बायपास झाली. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर खूश, टाके भरले. पण माणूस जो खुर्चीत बसला तो उठेचना. डॉक्टर म्हणाले चाला, हे म्हणायचे उद्या. मुलगा कोलशेतला मोठ्या टॉवरमध्ये राहतो. तो म्हणाला, "इकडे या, लिफ्ट आहे, खाली बाग आहे." हे त्यालाही उद्या म्हणाले. जिना उतरायची भीती वाटते हे काही तोंडाने कबूल करेनात. चार महिने खिडकीशी बसून समोरच्या बिल्डिंगची भिंत बघितली. मी बोलून बोलून थकले, आणि मी बोलून थकले म्हणजे काय, ते माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा.

त्याच पावसाळ्यात पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना डेंग्यू झाला. ह्यांच्याच वयाच्या, बिल्डिंगमधल्या पहिल्या दिवसापासूनच्या. त्यांचा मुलगा आमचा चेअरमन. आमच्यासमोर चड्डीत हिंडलेला पोरगा, आता आयटीत मोठा माणूस आहे. त्याने गणपती झाल्या झाल्या पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. विषय एकच, विहिरीवर स्लॅब टाकणे.

"काकू, माझं विहिरीशी वैर नाहीये," तो मला म्हणाला. "पण आई आठ दिवस ॲडमिट होती. पालिकेवाले येऊन बघून गेले, विहिरीत अळ्याच अळ्या आहेत. मी काय करू सांगा."

पोराचं काही चुकत नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. आमचे हे. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत, घामाघूम होऊन खाली आले होते. चार महिन्यांत पहिल्यांदा. सगळे खुर्ची द्यायला उठले. हे बसले नाहीत. "विहीर बुजवू नका," एवढं एकच वाक्य बोलले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

मला तिथल्या तिथे कळलं की ह्या माणसाला खाली आणणारी जगात एकच गोष्ट उरली आहे. मग माझ्या अंगात आलं. मी उभी राहिले आणि सगळ्यांचा गप्पी माशांवर एक तास घेतला. हे मासे डासांच्या अळ्या खातात, पालिका फुकट देते, विहिरीत सोडायचे की काम झालं. "दोन महिने द्या," मी चेअरमनला म्हटलं. "दिवाळी झाली की पालिकेच्या माणसांना बोलाव. एक अळी जरी सापडली तरी घाल तुझा स्लॅब, मी हूं की चूं करणार नाही."

विज्ञानाच्या बाईंनी भर मीटिंगमध्ये सांगितल्यावर कोण नाही म्हणतंय. दोन महिने मिळाले. आणि खरं सांगते, मला विहिरीचं तेवढं काही नव्हतं. विहीर राहो न राहो, मला माझा नवरा जिन्यावरून खाली उतरलेला हवा होता.

पालिकेच्या आरोग्य केंद्रातून प्लॅस्टिकच्या पिशवीत मासे मिळाले. बोटाच्या पेराएवढे, नरांच्या शेपट्या रंगीत, माद्या राखाडी आणि पोटुशा. ह्यांनी पिशवी आधी पाण्यात तरंगत ठेवली, मग हळूच तोंड सोडलं. कुणाला घर दाखवावं तसं विहिरीत वाकून त्यांच्याशी काहीतरी बोललेही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला चपला घातल्या आणि खाली गेले. संध्याकाळी पाचला परत गेले. मासे कधी इकडे, कधी तिकडे, म्हणून चहूबाजूंनी बघायला विहिरीभोवती फेऱ्या मारायला लागले. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं आपोआप होऊ लागलं. पंधरा दिवसांत चेहऱ्यावर रंग आला. जेवताना मला माशांच्या गमती सांगायचे. मी कोकणातली, मासे खाऊन वाढलेली, हे देशावरचे, जन्माचे शाकाहारी. चाळीस वर्षं मी ह्यांच्यासमोर बसून बांगडा खाल्ला, तेव्हा हे ताटाकडे बघायचेसुद्धा नाहीत. आता तोच माणूस मला मासा किती हुशार असतो ते समजावून सांगत होता.

मी दर चार दिवसांनी एक पांढरा मग दोरीला बांधून विहिरीत सोडायचे आणि अळ्या बघायचे. मधलं पाणी स्वच्छ निघायचं. पण कडेला, जिथे दगडांतून पिंपळाची मुळं पाण्यात उतरली आहेत, तिथे मग भरून काढला की आत वळवळ. पहिल्या आठवड्यात वळवळ, तिसऱ्या आठवड्यातही वळवळ. मासे मात्र दुपटीने वाढलेले, चांगले गुबगुबीत. मला काही उमगेना. एवढे मासे आणि एवढ्या अळ्या, दोघं सुखाने नांदतायत, हे कुठल्या पुस्तकात बसत नव्हतं. दिवाळी जवळ येत होती आणि मीटिंगमध्ये मारलेल्या बढाया मला रोज आठवत होत्या.

त्यातच घरात दुसरं एक कोडं. बायपासनंतर ह्यांच्या चार पोळ्यांच्या मी दोन केल्या होत्या. माझ्या दोन. म्हणजे चार पोळ्यांची कणीक. सकाळी भिजवून, ताटली झाकून ठेवते आणि अर्ध्या तासाने लाटायला घेते. तर पोळ्या तीनच व्हायच्या. आज झालं, उद्या झालं, रोजच व्हायला लागलं. ह्यांचं पथ्य मोडायला नको म्हणून मी मुकाट एकच पोळी खायचे. शेवटी मी गिरणीवाल्याला गाठलं. "पीठ कमी देता का हो तुम्ही? पंचवीस वर्षं तुमच्याकडे येतेय मी." तो बिचारा वजनकाटा पुढे करून शपथा घ्यायला लागला. मी ऐकतेय कसली. चार गिऱ्हाइकांसमोर त्याला फैलावर घेतलं आणि दुसऱ्या गिरणीत जायला लागले. तरी पोळ्या तीनच.

मग एका दुपारी दूधवाल्याचे पैसे द्यायला खाली उतरले, तर विहिरीशी हे उभे. खिशातून काहीतरी काढलं, बोटांनी बारीक गोळ्या वळल्या, आणि दोनदा टाळी वाजवली. मी वाकून बघितलं तर काय, अख्ख्या विहिरीतले मासे उन्हातल्या मधल्या पाण्यात जमा, तोंडं वर करून. ह्यांनी गोळ्या टाकल्या. मासे तुटून पडले. पलीकडे मुळांशी अळ्या निवांत झुलत होत्या, त्यांच्याकडे कोण ढुंकून बघतोय.

"अहो, ही माझी कणीक," मी म्हटलं.

हे दचकले नाहीत, तेवढे लाजले. "माझीच आहे," म्हणाले. "मी चार खायचो. तू दोन बंद केल्यास. मग म्हटलं, आपल्या तोंडचा घास आहे, कुणाच्या तरी मुखी लागू दे. माशांना कणकेच्या गोळ्या घालणं पुण्याचं असतं."

"तुमचं पुण्य माझ्या ताटातून जातंय. महिनाभर मी एका पोळीवर काढला."

"तू कशाला कमी खाल्लीस? मला सांगायचंस."

मी तिथेच कठड्यावर बसून हसले, आणि मग चिडले, दोन्ही मनापासून. ज्यांनी अळ्या खायच्या त्यांना हे घरबसल्या पोळी चारत होते. जावई जसा सासुरवाडीला हात हलवत नाही तसे ते मासे झाले होते. मी सांगितलं, आजपासून एक कण घालायचा नाही. "उपाशी ठेवू त्यांना?" हे कळवळून म्हणाले. "हो, उपाशी ठेवायचं. भूक लागल्याशिवाय कोण काम करतं?" हे तोंड पाडून वर आले. गिरणीवाल्याची माफी मागायला मी स्वतः गेले. येताना पाच किलो पीठ घेऊन आले आणि त्याने पुढचे आठ दिवस ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगितली.

कणीक बंद झाली, टाळी मात्र बंद झाली नाही. "नुसतं बघतो ना," असं म्हणून हे टाळी वाजवायचे, आणि मासे आशेने मध्यभागी येऊन तरंगत राहायचे. थोडं इकडेतिकडे खायचे, पण मुळांच्या अडचणीत कोण शिरणार. अळ्या जरा कमी झाल्या, संपल्या नाहीत.

आमच्याकडे खाडीपलीकडच्या गावातून एक म्हातारी मासेवाली येते. विहिरीच्या कठड्यावर टोपली टेकवून ती माझ्यासाठी निवट्या निवडत होती. मी तिला आपलं रडगाणं ऐकवलं. तिने विहिरीत डोकावून बघितलं आणि फिसकन हसली.

"बाय, तुजं मासं माजल्यात," ती म्हणाली. "भेव नाय त्यांना कुनाचा. भेव लागला का मासा कडंला पलतो. आमी जालं कडंलाच लावताव ते कशापायी?"

मी हो हो म्हटलं आणि निवट्या घेतल्या. तिचं बोलणं मी त्या दिवशी कानाआड केलं. बाईंना मासेवालीने शिकवायचं म्हणजे जरा जडच जातं.

त्यानंतर चार-पाच दिवसांत खंड्या आला. तपकिरी डोकं, पांढरी छाती, लालभडक चोच, आणि उडाला की पाठीचा निळा असा की डोळे निवतात. आधी केबलच्या वायरवर बसून टेहळणी केली. मग कप्पीच्या खांबावर येऊन बसला. हे मला हाक मारून दाखवायला लागले, "अगं, बघ काय सुंदर पक्षी." आणि कौतुकाने, त्याला आपले मासे दाखवावेत म्हणून की काय कोण जाणे, ह्यांनी टाळी वाजवली.

खंड्या टाळीने उडाला खरा, पण वायरपर्यंतच. मासे मात्र सवयीने वर आले. तो वायरवरून सुटला, जाळीच्या चौकोनातून थेट आत, पाणी उडालं, आणि बाहेर आला तेव्हा चोचीत आमचा एक गप्पी. खांबावर बसून त्याने तो दोनदा आपटला आणि गिळला. सगळा प्रकार बोलता बोलता झाला.

ह्यांचा चेहरा मला बघवेना. "मी बोलावलं म्हणून ते आले," एवढंच म्हणाले. खंड्या दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, रोज सकाळी सव्वासातच्या सुमाराला यायचा. ह्यांनी टाळी सोडली आणि हातात छत्री घेतली. सकाळी सातला, चहासुद्धा न घेता, हे छत्री उगारून विहिरीभोवती पहारा द्यायचे. सगळी बिल्डिंग खिडक्यांत उभी राहून बघायची. खंड्या वायरवर बसून थट्टा केल्यासारखा किलकिलाट करायचा. हे फिरून फिरून दमले की तो आपला घास घेऊन जायचा. मला वाईट वाटत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. हे वाढलेलं चालणं मी डॉक्टरांना फोन करून कळवलं.

त्या आठवड्यात मी मग सोडला तर कडेचं पाणी जवळजवळ स्वच्छ. परत सोडला. दुसऱ्या बाजूने सोडला. मुळांशी सोडला. दोन-तीन अळ्या, बस. मला वाटलं, भुकेने काम केलं शेवटी. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

इकडे ह्यांनी छत्रीचा नाद सोडून कायमचा बंदोबस्त केला. बिल्डिंगच्या रंगकामाच्या वेळी परांचीला बांधतात ते हिरवं जाळीचं कापड गच्चीत पडून होतं. ते आणून विहिरीवर ताणून बसवलं, सुतळीने चहूबाजूंनी आवळलं. खंड्या येऊन कप्पीवर बसला, खाली बघितलं, मान वाकडी केली आणि निघून गेला. हे इतके खूश झाले की मला म्हणाले, आज शिरा कर.

पाच दिवसांनी कापडाचा कोपरा उचलून मी मग सोडला. मुळांशी वळवळ, पहिल्यासारखी. मासे मध्यभागी, आरामात, जसे पूर्वी असायचे तसे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कणीक तर केव्हाचीच बंद होती. मग बदललं काय? खंड्या आला तेव्हा मासे घाबरून कडेला पळाले, मुळांच्या आडोशाला. आणि आडोशालाच तर अळ्या होत्या. जिथे लपायचं तिथेच ताट वाढलेलं, मग खाल्ल्याशिवाय राहतात कशाला. खंड्याने दिवसाला दोन-तीन मासे खाल्ले असतील, पण बाकी सगळ्यांना त्याने कामाला लावलं. तीस वर्षं मी बाण काढले ते खाण्याचे. भीतीचा बाण मी एकदाही काढला नाही. मासेवालीने मला तो विहिरीच्या काठावर उभं राहून सांगितला होता, आणि मी तिच्याशी निवट्यांच्या भावावरून हुज्जत घालत बसले होते.

दिवाळीला दहा दिवस उरले होते. मी ह्यांना सगळं समजावलं, अगदी कागदावर बाण काढून. हे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी ती जाळी काढायची. आणि त्याला सांगायचं, ये बाबा, खा."

"हो."

"माझ्याच्याने नाही होणार. तू काढ."

"मी काढते, त्यात काय. पण मग तुम्ही माझ्याशी बोलायचं बंद कराल."

ह्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली आणि बसले. दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, चपला वाजल्या नाहीत. पाच वाजले, नाही. समोरच्या भिंतीकडे बघत बसलेली ती पाठ मला पुन्हा दिसली. जाळी ठेवली तर अळ्या सापडणार, स्लॅब पडणार, आणि हा माणूस कायमचा वर बसणार. जाळी मी काढली तर हा आत्ताच वर बसणार. रात्री मला झोप लागली नाही. भांडायचं कुणाशी तेच कळत नव्हतं, आणि भांडता येत नाही तेव्हा मला फार एकटं वाटतं.

तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या वहिनी आजारानंतर पहिल्यांदा खाली येऊन विहिरीशेजारच्या बाकावर बसल्या. मी वरून बघितलं आणि ह्यांना म्हटलं, "वहिनी खाली आल्यात. निदान विचारपूस करून या. बरं दिसत नाही." माणसांच्या बाबतीत हे रीतीचे पक्के. शर्ट बदलला आणि उतरले, मी मागोमाग.

वहिनी अर्ध्या झाल्या होत्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पण जीभ शाबूत. "या भावजी," म्हणाल्या, "आपण दोघं आता सेकंड हँडमध्ये जमा." हे हसले. बोलणं विहिरीवर आलं. वहिनी म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही काढलेल्या पाण्यावर मी माझा पहिला भात शिजवलाय. माझ्यामुळे विहीर जाऊ नये असं फार वाटतं हो. पण लेकाला कुठल्या तोंडाने सांगू?"

तेवढ्यात त्यांनी आपल्या दंडावर चापट मारली. दिवसाढवळ्या. हात पुढे केला तर तळव्यावर पट्टेरी पायांचा डास, आणि त्याच्याभोवती थेंबभर रक्त. "अजून पोट भरलं नाही मेल्यांचं," वहिनी म्हणाल्या आणि पदराला हात पुसला.

हे त्या हाताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "वरून कात्री आण." मी तिसऱ्या मजल्यावर कशी गेले आणि कशी आले, मलाच माहीत नाही. ह्यांनी एकेक सुतळी स्वतः कापली. कापडाची नीट घडी घातली. मग विहिरीत वाकून, पहिल्या दिवशी बोलले होते तसंच, माशांशी काहीतरी बोलले. काय बोललात म्हणून मी नंतर विचारलं. "सांगितलं, टाळी वाजली तरी येऊ नका," म्हणाले.

खंड्या दोन दिवसांनी परत आला.

दिवाळी झाली आणि पालिकेची माणसं आली. एक बाई आणि एक पुरुष, लांब दांड्याचा पांढरा डाव घेऊन. चेअरमन ऑफिसला उशिरा जाणार होता, तो हजर. वहिनी बाकावर. अर्धी बिल्डिंग गोळा झाली. त्या बाईंनी मधोमध डाव बुडवला, काहीच नाही. उत्तरेला बुडवला, काही नाही. मग मुळांच्या बाजूला गेल्या. ज्या बाईने मुलांचे अर्धे अर्धे मार्क कापले, तिचा आज पेपर होता. पालिकेच्या बाईंनी डाव वर काढला, उन्हात धरला, तिरका केला. पुन्हा बुडवला. तिसऱ्यांदा बुडवला आणि त्यात एक घाबरलेला गप्पी आला, अळी एकही नाही. त्यांनी तो अलगद परत सोडला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "स्वच्छ आहे," म्हणाल्या. "कुणाची देखरेख आहे इथे?"

चेअरमनने ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "काका," तो म्हणाला, "स्लॅब कॅन्सल. हे तुम्हीच सांभाळायचं." वहिनींनी लेकाकडे न बघताच ओठ मिटून हसून घेतलं. मला त्या क्षणी सगळ्यांना धरून नाचावंसं वाटत होतं, पण शाळेतलं बाईपण आडवं येतं. मी फक्त नाक पुसलं.

पालिकेची माणसं गेली, गर्दी पांगली. हे विहिरीशी उभे होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मी दिसते का याचा अंदाज घेतला, आणि दोनदा टाळी वाजवली. मी त्यांच्या मागेच होते. आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. मधलं पाणी रिकामं. मुळांच्या सावलीत कुठेतरी एखादी शेपटी हलली असेल नसेल. एकही मासा आला नाही.

"शहाणे झाले," हे म्हणाले. हसत होते आणि डोळे भरले होते. "एकही आला नाही बघ."

मला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. ज्यांच्यासाठी हे तीन जिने उतरत होते ते आता भेटायला येणार नव्हते. दुपारी मी ह्यांच्या पानात तिसरी पोळी वाढली. दोन महिन्यांची मेहनत आहे, एक दिवस चालतं. ह्यांनी पोळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. अर्धी मोडून घेतली आणि अर्धी माझ्या ताटात सरकवली.

"नको," म्हणाले. "मीपण माजेन. आणि आपल्या घरातला खंड्या कोण आहे ते मला ठाऊक आहे."

चाळीस वर्षांत मला खूप नावं ठेवली गेली, पण याच्याइतकं कुठलंच मला आवडलं नाही. मी ती अर्धी पोळी तूप लावून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम अंथरुणात पडून राहिले. कान दाराकडे. सात वाजले, काही नाही. मी मनाशी म्हटलं, झालं, आता पुन्हा खुर्ची आणि भिंत. तेवढ्यात दाराशी चपला ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ ह्यांचा. चाळीस वर्षं माझ्या ताटातल्या बांगड्याकडे न बघणारा हा माणूस मला हाक मारत होता.

"अगं ऊठ, चल लवकर. सव्वासात होतील. त्याची जेवायची वेळ झाली."